देवमाशाचे दोन दात

आमच्या यानुकुला बेटावरच्या शाळेच्या पत्र्यांना इतकी भोकं होती, की पाऊस आधी वर्गात पडायचा आणि मग बाहेर. हे सांगितलं की लोक हसतात. हसू देत. माझ्या बोलण्यातलं निम्मं खोटं असतं हे आसपासच्या सगळ्या बेटांना ठाऊक आहे. उरलेलं निम्मं खरं असतं, हे मात्र कुणी ध्यानात घेत नाही.

माझं नाव पाउलिआसी. आमच्या गावचे सरदार रातू इनोके, त्यांचा मी बोलका. आमच्याकडे पाहुण्यांसमोर सरदार स्वतः तोंड उघडत नाहीत. ते बसतात, मी बोलतो. त्यांनी मला दोन शब्द सांगायचे आणि मी त्यांचे दोनशे करायचे, हेच माझं काम. माझा बाप हेच करायचा. तो तर इतकं लांब बोलायचा, की एकदा स्वागताचं भाषण संपेपर्यंत पाहुण्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. यातलं निम्मं सोडून द्या.

शाळा आमच्याच बापजाद्यांनी बांधली. सरकारने मास्तर दिला. लाकूड, पत्रे आणि घाम गावाचा. तीन खोल्या, जमिनीपासून कंबरभर उंच लाकडी खांबांवर, समुद्रापासून साठ पावलांवर. खाऱ्या वाऱ्याने खिळे खाल्ले, वाळवीने खांब. पावसाचं पाणी साठवायची टाकी अशी गळायची, की तिच्याखाली दालोचे कंद उगवले होते आणि आम्ही ते काढून खातही होतो. एकतीस मुलं तिथे शिकत. त्यांतली एक माझी नात, अनासेइनी, सहा वर्षांची. तिची आई मोठ्या बेटावर एका हॉटेलात चादरी बदलते आणि तिथल्याच नोकरांच्या खोलीत राहते. बाप कुठे आहे ते त्यालाच ठाऊक. पोर माझ्याजवळ. सकाळी तिचे केस मी बांधतो, आणि माझ्याइतके वाकडे केस अख्ख्या गावात कुणी बांधत नाही.

मे महिन्यात बोटीने पत्र आलं. शिक्षण खात्याच्या अधिकारी येतील, शाळेची इमारत तपासतील, काय मोडलंय आणि काय नव्याने करायला हवं त्याचा अहवाल लिहितील.

गावात सुतक पडल्यासारखं झालं. गेल्या वर्षी पलीकडच्या लहान बेटावर असंच पत्र आलं होतं, असाच साहेब आला होता, आणि तीन महिन्यांत तिथल्या शाळेला कुलूप लागलं. पोरं मोठ्या बेटावरच्या वसतिगृहात गेली. सहा-सहा वर्षांची पोरं, काखेत उशी मारून बोटीत बसलेली. आम्ही आमच्या किनाऱ्यावरून त्यांना जाताना पाहिलं होतं. त्या दिवशी अनासेइनीने मला विचारलं, "आजोबा, त्यांचे केस कोण बांधणार?" मी म्हटलं, "तिथे केस बांधणारे खेकडे पाळलेत." ती हसली. मी नाही हसलो.

गावची बैठक बसली. सेवानाइया मास्तर दुसऱ्या बेटाचा, चष्मा दोरीने कानाला बांधलेला, सरळ माणूस. तो म्हणाला, "जे आहे ते दाखवू या. तपासायलाच येतायत ना?"

बायकांच्या मंडळाची मेरेवालेसी उसळलीच. "पाहुणी घरी यायची आणि तिला सडकी फळी दाखवायची? तुमच्याकडे पाहुण्याला फुटक्या वाडग्यातून यांगोना प्यायला देतात काय हो मास्तर?"

"अहो, पण ती पाहुणी नाही, तपासणीला..."

"बोटीतून उतरली ना? मग पाहुणीच."

सगळे हसले. मास्तर चष्मा पुसत खाली बसला. बाहेरचा माणूस, तो किती बोलणार? आणि खरं सांगायचं तर सगळ्यांत मोठ्याने मीच हसलो.

मग आम्ही कामाला लागलो. भिंतींना चुना दिला. भेगांवर लग्नातलं नक्षीचं, झाडाच्या सालीचं कापड टांगलं. सडलेल्या फळ्यांवर केवड्याच्या पानांच्या नव्या चटया अंथरल्या, एकावर एक तीन. बायकांनी त्या विणण्यासाठी बोटं सोलून घेतली. गळकी टाकी तपासणीच्या सकाळी ओढ्यावरून बादल्या आणून काठोकाठ भरली. दुपारपर्यंत टिकेल असा हिशोब होता. शाळा अशी नटली, की तिच्याशी लग्न करायला दोन-तीन विधुर तयार झाले असते.

बोट आली. उतरली ती तिशीची एक मुलगी. चपला हातात, पाठीवर पिशवी, कमरेला मोजपट्टी. नाव अकानिसी. तिने तिच्या बेटाचं नाव सांगितलं आणि किनाऱ्यावर एकच आरडाओरडा झाला. तिचं बेट आणि आमचं बेट एकाच मूळ देवाची लेकरं. त्यामुळे दोन्हीकडच्या माणसांना एकमेकांची हवी तेवढी टिंगल करायचा हक्क आहे, आणि राग मानायचा हक्क कुणालाच नाही.

"हा म्हातारा स्वागताला आलाय?" ती मला पाहून म्हणाली. "मला वाटलं, वादळात वाहून आलेला ओंडका पडलाय."

"आणि ही अधिकारी? तुमच्या बेटावर माणसं दोन पायांवर कधीपासून चालायला लागली गं?"

"तुमची चालताना बघितली आणि ठरवलं, याच्यापेक्षा बरं जमेल."

मला पोरगी आवडली. फार आवडली. आता वाटतं, आवडली नसती तर बरं झालं असतं.

सभाघरात तिने रीतीप्रमाणे यांगोनाच्या मुळांची जुडी आमच्यापुढे ठेवली. ती आम्ही स्वीकारली. आता आमची पाळी. गावाकडे देवमाशाचा एकच दात उरला होता. बाकीचे लग्नात, मयतात, भांडणं मिटवण्यात गेले. पिवळा, गुळगुळीत, दोरी बांधलेला. आमच्यात या दाताहून जड काही नाही. दात पुढे करून जे मागाल, ते समोरच्याने दात हातात घेतला की त्याला पाळावंच लागतं. नको असेल तर दात घेऊ नये. पण भरल्या सभेत दात नाकारणं म्हणजे सरदाराच्या तोंडावर थुंकणं.

त्या सकाळी रातूंनी मला सांगितलं होतं, "एवढंच म्हण, पाउलिआसी. आमच्या शाळेकडे मायेनं बघा. बस."

मी दात दोन्ही हातांत धरून गुडघ्यांवर बसलो आणि सुरुवात तशीच केली. मायेने बघा म्हटलं. तिथे थांबायचं होतं. पण सभाघर शांत झालं होतं. बायकांचे पंखे थांबले होते. शांत सभा म्हणजे मला दारुड्यापुढचा भरलेला पेला. मी बापजाद्यांची नावं घेतली. त्यांनी समुद्रातून पोहत आणलेली लाकडं सांगितली. आणि मग म्हणालो, "पोरी, हा दात मागतो की तुझ्या लेखणीतून आमची शाळा दुबळी आहे असा शब्द उतरू नये. आमचं छप्पर, आमच्या भिंती, आमची जमीन धड आहे असंच तुझ्या कागदावर यावं."

मागे रातू हलकेच खोकले. मला वाटलं, त्यांना माझं बोलणं आवडलं.

अकानिसीच्या चेहऱ्यावरचं हसू उतरलं होतं. माझ्या खांद्यावरून तिने रातूंकडे पाहिलं, मग चटयांवर बसलेल्या सगळ्या गावाकडे. म्हाताऱ्या, बाया, लेकुरवाळ्या, सगळ्या तिच्या हातांकडे बघत होत्या. मग तिने हात पुढे केले आणि दात घेतला. सभाघराने ओंजळी करून टाळ्या दिल्या. मेरेवालेसी रडलीच.

मग ती शाळा बघायला निघाली आणि मी तिच्या मागे. मी बोलत राहिलो. तिने खांबात स्क्रूड्रायव्हर टोचला, तो मुठीपर्यंत आत गेला. मी म्हटलं, "आमची वाळवी मेथडिस्ट पंथाची आहे हो. रविवारी लाकडाला तोंड लावत नाही. म्हणून तर एवढं शिल्लक राहिलंय." ती हसली नाही. टाकीवर तिने बोटाने वाजवलं, खालच्या ओल्या मातीकडे पाहिलं. कागद तिच्या हातात होता, पण ती त्यावर काही लिहीत नव्हती.

पहिलीच्या खोलीत अनासेइनीने तिचा हात धरला. "बाई, इथे पाय नका ठेवू. इथे आम्ही उडी मारतो."

"का गं?"

"खाली जातं ना. लुसियाचा पाय गेला होता. मग मास्तरांनी खडूनं रेघ मारली. चटईखाली आहे ती रेघ. दाखवू?"

मी म्हटलं, "पोरी, गप." पण तोवर तिने तिन्ही चटया उचलल्या होत्या. खडूची रेघ खोलीच्या मधोमध गेलेली, आणि तिच्या पलीकडे फळ्यांच्या फटीतून खालची वाळू दिसत होती. अकानिसी गुडघ्यांवर बसली. तिने एक फळी दोन बोटांनी दाबली, ती पावासारखी दबली. मग तिने चटया एकेक करून परत जागेवर ठेवल्या, कडा नीट जुळवल्या. अनासेइनीचे वाकडे केस सोडून तिने पुन्हा बांधले.

बोट निघायच्या वेळी तिने मला एकट्याला बाजूला बोलावलं. माडाच्या सावलीत तिने पिशवीतून एक गुंडाळी काढून उलगडली. नकाशा होता. सिमेंटच्या पायावर चार खोल्या, वादळात अख्ख्या गावाला आसरा घेता येईल असं छप्पर, दोन टाक्या, मुलींसाठी वेगळे संडास.

"हे काय?" मी विचारलं.

"नवी शाळा. या वर्षी बेटांवर तीन बांधायच्यात. ज्यांची हालत सगळ्यांत वाईट त्यांना आधी. मी अकरा शाळा बघून आले, म्हाताऱ्या. तुमच्याइतकी वाईट एकही नाही. पहिलं नाव तुमचं लागलं असतं."

मी नकाशावरच्या खोल्या बोटाने मोजल्या.

"पण पलीकडची शाळा तर बंद केली..."

"तिथे चारच मुलं उरली होती. तुमच्याकडे एकतीस आहेत. कोण बंद करतंय तुमची?"

"मग लिही ना! सगळं लिही! खांब लिही, टाकी लिही!"

ती चिडून नकाशा गुंडाळायला लागली. "कसं लिहू? सगळ्या गावासमोर दात घेतलाय मी. तू काय मागितलंस आठवतंय ना? धड आहे असंच यावं. मायेनं बघा म्हणून थांबला असतास तर मी मायेनंच सगळं लिहिलं असतं. तुला कुणी सांगितलं होतं रे एवढं बोलायला?"

"तिथंच सांगायचं ना, वेडे, की मी नवी शाळा द्यायला आलेय!"

"तुमच्या रातूंचं मागणं सभेत खोडून काढू? माझ्या आईला गावात तोंड दाखवता आलं नसतं." तिने डोळे पुसले. "एकच वाट आहे. तुमच्या रातूंच्या परवानगीनं दुसरा दात आण आणि पहिलं मागणं मागे घे. महिनाअखेरीला यादी वर जाते. त्याच्या आत."

मी रातूंकडे गेलो आणि सगळं सांगितलं, एकही शब्द न रंगवता. ते जाळं विणत बसले होते. गाठ पूर्ण केली आणि म्हणाले, "मी काय सांगितलं होतं तुला?"

"मायेनं बघा, एवढंच म्हण."

ते पुढच्या गाठीकडे वळले. ती आवळत म्हणाले, "आपल्याकडे दुसरा दात नाही. कुठे मिळाला तर आण. माझी परवानगी आहे. पण या वेळी थोडं बोल."

माझ्या बायकोला, सालोतेला, जाऊन सात वर्षं झाली. तिचं माहेर दोन बेटं पलीकडे. तिच्या भावाकडे एक दात होता. तो मागायला मी निघालो तर मधेच बोटीचं इंजिन बिघडलं, मग वारा उलटला, मग मेहुणा जहाजावर कामाला गेला होता, त्याची चार दिवस वाट पाहिली. तो आला, त्याने माझं ऐकलं आणि विचारलं, "हा दात मी माझ्या मयताला ठेवलाय. तुला कशाला?"

"एका शाळेसाठी."

"तुझ्या थापांतली आहे का ती शाळा?"

"नाही रे. यात एकही थाप नाही."

त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि आत जाऊन दात आणून दिला. मग मोठ्या बेटाची बोट दोन दिवसांनी. शहरात पोचलो तेव्हा सोमवार होता. कचेरीच्या बोळात बाकावर बसलो, मांडीवर फडक्यात गुंडाळलेला दात.

अकानिसी आली, तिने माझ्याकडे पाहिलं आणि मला कळलं.

"यादी गुरुवारी गेली," ती म्हणाली. "साहेबांनी या वेळी चार दिवस आधीच मागवली. मी थांबवायला गेले, पण काय कारण सांगू? माझ्याच कागदावर तुमची शाळा धड आहे."

"पुढची यादी?"

"पाच वर्षांनी."

पाच वर्षांनी अनासेइनी अकरा वर्षांची होईल.

मी म्हटलं, "बरं. मग हा दात घे आणि आता तरी खरं लिही."

तिने हात पुढे केले नाहीत. ती माझ्या शेजारी बसली. "ऐक नीट. बांधकाम आता नाही. आता मी खरं लिहिलं तर त्याचं एकच होतं. इमारत धोक्याची, मुलांना तिथे बसवायचं नाही, पर्यायी सोय करा. पर्यायी सोय म्हणजे वसतिगृह."

"कुलूप."

"हो."

"आणि नाही लिहिलं तर?"

"तर शाळा चालू राहील. त्या फळ्यांवर."

"किती दिवस टिकतील?"

"तुझ्या मेथडिस्ट वाळवीला विचार," ती म्हणाली आणि लगेच तिला वाईट वाटलं. तिने माझ्या हातावर हात ठेवला. "पहिलीच्या खोलीखाली एकही खांब धड नाही. या वर्षी जातील, नाहीतर पुढच्या. तेव्हा पोरं आत असतील किंवा नसतील. हा दात फडक्यात आहे तोवर मी काही बघितलेलं नाही. घरी घेऊन जा, मेहुण्याला परत दे. उशीर झाला म्हणून सांग. तुला कुणी बोलणार नाही."

खरंच कुणी बोललं नसतं. मी एक गोष्ट रचली असती, बोट सात वेळा बुडाली म्हणून सांगितलं असतं, आणि गाव हसलं असतं. दुसऱ्या सकाळी मी अनासेइनीचे केस बांधले असते आणि ती शाळेत गेली असती. रेघेवरून उडी मारून तिच्या जागेवर बसली असती.

बोळातून फायली घेऊन माणसं येत-जात होती. एकाने माझ्या पायाला ठोकर दिली, माफी मागितली. मी बाकावरून उतरून तिथेच फरशीवर गुडघे टेकले. फडकं सोडलं. दात दोन्ही हातांत धरला. माणसं थांबली. कचेरीतली असली तरी आमचीच माणसं ती. कुणी हसलं नाही, सगळे जागच्या जागी खाली बसले. मला पूर्वज आठवले, समुद्र आठवला, सगळे शब्द आपापल्या जागी तयार होते.

मी म्हटलं, "पहिलं मागणं मागे. खरं लिही."

अकानिसीने दात घेतला. बोळातल्या लोकांनी ओंजळीने टाळ्या दिल्या. तिने दात छातीशी धरला आणि ती उठून आत गेली.

ऑगस्टमधे कुलूप आलं. गावात मला कुणी काही बोललं नाही. मेरेवालेसीने शाळेतल्या चटया काढून आणल्या आणि मुलांना एकेक तुकडा कापून दिला, वसतिगृहात अंथरायला. मास्तरची बदली झाली. जाताना त्याने माझा हात हातात घेतला आणि सोडला. बैठकीतलं माझं हसणं त्याने काढलं नाही, आणि ते मला जास्त लागलं.

बोट सोमवारी आली. अकानिसी बोटीत होती. तिला यायचं काही कारण नव्हतं, तरी आली. या खेपेला कुणी कुणाची टिंगल केली नाही. तिने लहान मुलांना आपल्या बाजूला बसवलं. अनासेइनी तिच्या मांडीला टेकून बसली, काखेत उशी, पायाशी चटईची गुंडाळी.

मी छातीभर पाण्यात बोटीची कड धरून उभा होतो.

"आजोबा," ती म्हणाली, "तिथले खेकडे खरंच केस बांधतात?"

तिला ठाऊक होतं. सहा वर्षांची असली तरी माझी नात ती. तिला मी हो म्हणायला हवं होतं. मी आयुष्यभर माणसांना न मागता हजार थापा दिल्या, आणि ही एक मागत होती.

"नाही, पोरी," मी म्हटलं. "तुझे तूच बांधायचेस. मी शिकवलं नाही, चुकलंच माझं."

तिने मान हलवली. इंजिन सुरू झालं. पाणी माझ्या हनुवटीपर्यंत आलं. बोटवाला मागे वळून म्हणाला, "सोडा आता, काका."